‘मिस’ या इंग्रजी क्रियापदाला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? (आजींचा निरोप मेक्सिकोला पाठवायचा आहे)

ऐरोली_नाका | रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

आमच्या शेजारी, ठाण्यात नौपाड्याला, एक आजी राहतात. वय ८४. नातू नोकरीसाठी मेक्सिकोत ग्वादालाहाराला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. पणती आता साडेचार वर्षांची आहे. ती स्पॅनिश बोलते. मराठी म्हणजे ‘आजी’ आणि ‘पोळी’ एवढंच. मे महिन्यात सगळे तीन आठवडे राहून गेले आणि तेव्हापासून आजींचं कशात लक्ष लागत नाही. काल हाक मारून म्हणाल्या, “तू ते स्पॅनिश शिकतेस ना, मला दोन वाक्यं शिकव. माझ्या आवाजात पाठवायची आहेत. तिची आठवण येते एवढंच सांगायचंय.”

मी वर्षभर शिकतेय, आत्ताशी ए-टू पातळीला आले. माझ्याकडच्या छोट्या इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोशात ‘मिस’पुढे पहिला शब्द होता ‘पेर्देर’. त्यावरून ‘ते पेर्दी’ असं वाक्य जुळवलं. आजींना शिकवायच्या आधी क्लासच्या बाईंना फोन केला म्हणून वाचले. त्याचा अर्थ होतो ‘मी तुला गमावलं’! चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींच्या तोंडून पणतीला हे ऐकू गेलं असतं तर, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

बाईंनी तीन पर्याय सांगितले आणि त्या घाईत होत्या. ‘ते एक्स्त्रान्यो’, ‘ते एचो दे मेनोस’, ‘मे आसेस फाल्ता’. यांत फरक काय? लहान मुलीला कुठलं जवळचं वाटेल? आणि इंग्रजीत गाडीलाही ‘मिस’, माणसालाही ‘मिस’, मग स्पॅनिशमध्ये एकूण शब्द तरी किती?

---

पारसिकचा_बोगदा | ९:५२

मेक्सिको ना? मग ‘ते एक्स्त्रान्यो मुचो’. डोळे मिटून.

---

रात्रपाळी_६ | १०:१५

बोगदेबुवांना अनुमोदन, पण धाग्यात विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. मी लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेतो, सहावं वर्ष.

गाडी, बस, विमान चुकलं की ‘पेर्देर’. ‘पेर्दी एल त्रेन’, माझी गाडी चुकली. मिस्ड कॉललाही तेच, ‘यामादा पेर्दिदा’, म्हणजे हरवलेला कॉल. एखादं लग्न किंवा सामना बघायचा राहून गेला तर पेर्देरच, पण आधी ‘मे’ लागतो: ‘मे पेर्दी ला बोदा’. इथे सांभाळायचं, कारण नुसतं ‘मे पेर्दी’ म्हणजे मी वाट चुकलो. ‘चुकवू नकोस हं’ असं आग्रहाने सांगायचं तर ‘नो ते लो पिएर्दास’.

तास बुडवला, शाळेत गेलं नाही: ‘फाल्तार आ क्लासे’. नेम हुकला, पेनल्टी हुकली: ‘फायार’ किंवा ‘एर्रार’. गोळी थोडक्यात चुकली, तर तिथे ‘मिस’ नावालाही नाही, ‘पोर पोको’ म्हणतात, थोडक्यात. आणि फोनवर ‘तुमचं वाक्य मिस झालं’ म्हणायचं असेल तर सरळ ‘नो ले ओई बिएन’, नीट ऐकू आलं नाही.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात कोलंबियातल्या एका बाईंचा कॉल माझ्याकडून सुटला. परत लावला आणि म्हणालो, “ला पेर्दी, सेन्योरा.” मला म्हणायचं होतं, तुमचा कॉल मिस झाला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नो, मिहो, आकी एस्तोय.” नाही रे बाळा, मी आहे इथेच. तो ‘मिहो’ अजून कानात आहे.

---

उपवन_फेरी | १०:२१

आमच्या शाळेत मिस म्हणजे इंग्रजीच्या बाई. :)

---

रात्रपाळी_६ | १०:२४

@उपवन, मेक्सिकोतही बऱ्याच शाळांत मुलं बाईंना ‘मिस’च म्हणतात. आजींनी ‘मिस यू’ पाठवलं तर पणती शाळेतल्या बाईंना शोधेल.

---

मोरपिशी_शाई | ११:०५

वाशीत मी स्पॅनिश शिकवते. तिन्ही शब्दांची ओळख करून द्यायचा मोह आवरत नाही, वेळ असेल तर वाचा.

‘एक्स्त्रान्यार’ आला ‘एक्स्त्रान्यो’पासून. त्याचा अर्थ परका, अनोळखी, विचित्र. मुळात परकं मानणं, परकं वाटणं असा भाव. ‘मे एक्स्त्रान्या’ म्हणजे मला नवल वाटतं, आणि ‘ते एक्स्त्रान्यो’ म्हणजे तुझी आठवण येते. दोन्ही एकाच मुळाचे. स्पेनमध्ये नव्या जागी झोप लागली नाही की म्हणतात ‘एक्स्त्रान्यो ला कामा’. पलंग परका वाटतोय, आपला नेहमीचा हवा होता. यात आठवण आणि परकेपणा एकाच वाक्यात नांदतात. तू नाहीस म्हणून माझंच घर मला परकं झालंय, असं मी या शब्दाकडे बघते.

‘एचार दे मेनोस’ स्पेनमध्ये जास्त ऐकाल. एचार म्हणजे टाकणं, ओतणं. दे मेनोस म्हणजे कमी. ‘मी तुला कमी टाकतो’ याला काही अर्थ लागत नाही, विद्यार्थी दर वर्षी विचारतात. उत्तर पोर्तुगीजमध्ये आहे. तिथे ‘आशार मेनोस’ म्हणजे कमी असल्याचं आढळणं. मोजायला बसलो आणि एक कमी भरला, असं. शेजारच्या कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या, लोकांनी त्या आशारच्या जागी आपला ओळखीचा एचार बसवला आणि तोच रुळला. स्पॅनिश अकादमीच्या कोशातही हीच व्युत्पत्ती दिली आहे.

‘आसेर फाल्ता’ मला सगळ्यांत आवडतो. फाल्ता म्हणजे उणीव. ‘मे आसेस फाल्ता’, मला तुझी उणीव भासते. इथे क्रियापद ‘मी’प्रमाणे चालत नाही, ‘तू’प्रमाणे चालतं. माझ्या ठिकाणी ती उणीव तू करतेस.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी: ‘एचो’ दोन आहेत. आठवणीतला ‘ह’शिवाय लिहायचा. ‘केलेलं’ या अर्थाचा ‘ह’ने सुरू होतो आणि तो ‘ह’ उच्चारत नाहीत. भल्याभल्यांचे गुण इथे जातात.

---

चेंदणी_बंदर | ११:३०

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर ठाणेकर गप्प कसा बसेल!

अवांतर आहे, पण आपण रोज तोंडात घोळवतो ते शब्द बघा. ‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’, पैसे देणे. स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद जसंच्या तसं आहे. पावही पोर्तुगीजांचाच, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘पान’ होतो. चावीही पोर्तुगीजमधून आली, स्पॅनिशमध्ये तिची ‘यावे’ होते. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजांचा. आपल्या ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, आणि आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. वास्तू त्यांची, शब्दही त्यांचाच.

त्यामुळे मराठी माणसाला स्पॅनिश परकी वाटायचं कारण नाही. अर्धी ओळख आधीच झालेली आहे.

---

नऊ_दहा_फलाट | ११:४८

मी रोज ठाणे-तुर्भे करतो, त्यामुळे गाडी चुकण्याचा अनुभव दांडगा.

इंग्रजीत ‘आय मिस्ड द ट्रेन’, म्हणजे कर्ता मी, दोष माझा. मराठीत ‘माझी गाडी चुकली’, कर्ता गाडी! स्पॅनिश शिकताना मला फार आनंद झाला तो ‘से मे फुए एल त्रेन’ ऐकून. पेर्दी एल त्रेन बरोबरच आहे, पण बोलताना लोक हेही म्हणतात. शब्दशः काय? माझी गाडी निघून गेली. अगदी आपण म्हणतो तसं! ‘से मे काय्यो’, माझ्या हातून पडलं. ‘से मे ओल्विदो’, विसरायला झालं. ‘से मे पेर्दिओ’, माझं हरवलं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा प्रकार महिनोन्महिने उमगत नाही. आपल्याकडे तो आईच्या दुधातून आलेला असतो.

जाता जाता, बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, ३४ किलोमीटर. स्पॅनिश बोलणाऱ्या जगातली पहिली आगगाडी त्याआधी १८३७ मध्ये क्युबात सुरू झाली, हवानाहून बेहुकालला. खुद्द स्पेनमध्ये बार्सेलोना-मातारो १८४८ मध्ये. म्हणजे गाडी चुकायची सोय मायदेशाच्या अकरा वर्षं आधी क्युबात झाली होती.

---

घणसोली_गाव | १२:१०

गाडी ‘पकडणं’ यावर एक सावधगिरी. स्पेनमध्ये ‘कोहेर एल त्रेन’ बिनधास्त चालतं. मेक्सिको, अर्जेंटिनात तो शब्द असभ्य आहे, तिथे ‘तोमार’ म्हणा. आजींना तर मुळीच शिकवू नका.

---

कळव्याची_सून | १२:३२

@नऊ_दहा_फलाट, मनातलं बोललात. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ आणि ‘मला आंबे आवडतात’ समोरासमोर लिहून ठेवा. आंबे अनेक, म्हणून ‘आवडतात’ आणि म्हणून ‘गुस्तान’. एकच आंबा असेल तर ‘आवडतो’ आणि ‘गुस्ता’. आमच्या वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलं यावर अडखळायची, मी मात्र पहिल्याच दिवशी सुटले. ‘मे दुएले ला काबेसा’, माझं डोकं दुखतंय. डोकं दुखतं, मी नाही दुखत!

---

तर्कतीर्थ_सेक्टर१७ | १२:५०

थांबा, थांबा. उत्साहाच्या भरात मराठी म्हणजेच स्पॅनिश असं करू नका. ‘तेन्गो आम्ब्रे’ घ्या. माझ्याकडे भूक आहे. आपण म्हणतो ‘मला भूक लागली’. ‘तेन्गो फ्रिओ’, माझ्याकडे थंडी आहे. आपल्याला थंडी वाजते. आणि ‘आठवण येते’ यात आठवण ही कर्ता आहे, ती आपल्याकडे चालत येते. ‘ते एक्स्त्रान्यो’मध्ये कर्ता ‘मी’. म्हणजे ज्या शब्दासाठी हा धागा निघाला तिथेच स्पॅनिश इंग्रजीसारखी वागते आणि मराठी वेगळी पडते.

---

मोरपिशी_शाई | १:०४

@तर्कतीर्थ, मुद्दा मान्य. म्हणूनच मी ‘मे आसेस फाल्ता’चा झेंडा लावते आहे. तिथे मराठीसारखा ‘मला’ आहे.

---

शुभ्रा_०४ | १:२०

मला एक कळत नाही, ‘मिस यू आजी’ एवढं पाठवलं तर काय बिघडलं? पणतीला थोडं इंग्रजी येत असेलच की. मी आईला रोज ‘मिस यू’च लिहिते. आता तो मराठीच शब्द झालाय.

---

गोखले_रोड | १:४५

@शुभ्रा, बिघडलं काहीच नाही, पण आजींना तो शब्द आपला वाटतो का? माझी आई शेवटच्या आजारपणात मुंबईबाहेर होती. मी तिला फोनवर ‘मिस करतोय’ म्हणालो. ती म्हणाली, “म्हणजे काय करतोस?” मग मी म्हणालो, तुझ्यावाचून करमत नाही. ती बराच वेळ बोललीच नाही. मला तो फरक त्या दिवशी कळला.

---

शुभ्रा_०४ | १:५२

दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला आज ‘करमत नाही’ असं लिहून पाठवते.

---

नकाशा_वेडी | २:३०

‘फाल्तार’बद्दल एक लिहायचं आहे. जरा जड आहे, पण या शब्दाचं वजन त्याशिवाय कळत नाही.

वर्गात हजेरी घेताना ‘किएन फाल्ता?’ म्हणजे कोण आलेलं नाही, कोण कमी आहे. साधा प्रश्न. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री मेक्सिकोतल्या इग्वाला गावात आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी बेपत्ता केले गेले. त्यांचे आईवडील रस्त्यावर उतरले, आणि फलकांवर तीन शब्द होते: ‘नोस फाल्तान ४३’. आमच्यात ४३ कमी आहेत. ‘हरवले’ नाही म्हटलं, ‘गमावले’ही नाही. गमावले म्हटलं की हिशेब मिटतो. फाल्तान म्हटलं की हजेरी अजून चालू आहे आणि त्यांची जागा रिकामी ठेवलेली आहे.

धागाकर्तीचा ‘ते पेर्दी’ वाचून मला पहिलं हेच आठवलं. पेर्देर आणि फाल्तार यांत एवढं अंतर आहे.

---

पारसिकचा_बोगदा | २:४१

हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

---

सेवानिवृत्त_पोस्टमास्तर | ४:१५

दुपारपासून वाचतो आहे. मला स्पॅनिश येत नाही. पण चाळीस वर्षं पत्रं हाताळली आहेत, लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहूनही दिली आहेत. तेव्हा एक पथ्य होतं: माणूस काय बोलला ते आधी नीट ऐकायचं. इथे सगळे ‘मिस’चं भाषांतर करताहेत. आजी ‘मिस’ म्हणाल्याच नाहीत. ताई, त्या नेमकं काय म्हणाल्या? त्यांचेच शब्द सांगा.

---

ऐरोली_नाका | ५:०५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी खाली उतरले आणि आजींना पुन्हा विचारलं. मी सकाळी ‘आठवण येते’ लिहिलं, कारण पहिल्यांदा त्या तसं म्हणाल्या होत्या. आज चहा पिता पिता म्हणाल्या:

“ती जिन्यावर पाय आपटत यायची गं. आता संध्याकाळी जिना गप्प असतो. चुकल्या-चुकल्यासारखं होतं.”

---

नऊ_दहा_फलाट | ५:१२

चुकल्या-चुकल्यासारखं!!! अहो, हे तर तेच क्रियापद! गाडी चुकते तेच. सकाळपासून मी गाडीबद्दल लिहितोय आणि हे सुचलंच नाही.

---

तर्कतीर्थ_सेक्टर१७ | ५:२०

माघार घेतो, आनंदाने. इंग्रजीत ‘मिस’ जसा गाडीला आणि माणसाला चालतो, तसा मराठीत ‘चुकणे’ चालतो. गाडी चुकली, नेम चुकला, वाट चुकली, दोघांची चुकामूक झाली, आणि माणूस गेलं की चुकल्या-चुकल्यासारखं. फरक एवढाच की माणसासाठी वापरताना आपण तो शब्द दोनदा म्हणतो आणि पुढे ‘सारखं’ लावतो. कारण नेमकं काय चुकलंय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

---

मोरपिशी_शाई | ५:४०

हे उद्या वर्गात सांगणार.

आता आजींचं वाक्य घेऊ. पणतीला ‘ते एक्स्त्रान्यो’ सगळ्यांत पटकन कळेल, तिच्या घरी रोज कानावर पडत असेल. त्यामुळे सुरुवात त्याने करा. पुढे आजींचा जिना आला पाहिजे, तो गाळू नका:

‘ते एक्स्त्रान्यो मुचो, मि निन्या. ला एस्कालेरा एस्ता मुई कायादा सिन ती.’

तुझी फार आठवण येते, बाळ. तुझ्याशिवाय जिना अगदी गप्प आहे.

---

रात्रपाळी_६ | ५:५१

सुंदर. जिना ‘गप्प’ स्पॅनिशमध्येही चालतो, लहान मुलीला तर आवडेलच. शेवटी ‘मे आसेस फाल्ता’ जोडा, मोरपिशी बाईंचा झेंडा राहील.

उच्चाराचं: ‘एक्स्त्रान्यो’ आजींना जड गेलं तर ‘एस्त्रान्यो’ म्हणू द्या, भरभर बोलताना खूप जण तसंच म्हणतात. ‘न्यो’ न्याहारीतल्या न्यासारखा. ‘त’ आपला ताकातला, दातांवरचा. इंग्रजीवाल्यांना तो शिकावा लागतो, आजींकडे तो तयार आहे. निरोप रात्री नऊला पाठवा. आपण साडेअकरा तास पुढे आहोत, तिथे सकाळचे साडेनऊ असतील.

---

कळव्याची_सून | ६:०२

आणि काय झालं ते नक्की लिहा. असे धागे मध्येच सोडून जाऊ नका, आम्हाला इथे चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

---

ऐरोली_नाका | पुढचा रविवार, सकाळी ११:१०

उशीर झाला, माफ करा. आजींनी चार दिवस सराव केला. मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून कागद देवघराशेजारी चिकटवला होता. पोळ्या लाटताना म्हणायच्या, “ला एस्कालेरा, ला एस्कालेरा.” एस्त्रान्योच जमलं, ‘क्स’चा हट्ट मी धरला नाही. काल, शनिवारी, रात्री नऊला निरोप पाठवला. तिन्ही वाक्यं, एका दमात. शेवटी त्यांनी मला न विचारता मराठीत जोडलं, “पोळी खाल्लीस का गं?”

आज पहाटे उत्तर आलं होतं. त्यात आधी पाय आपटल्याचा आवाज. ती त्यांच्या जिन्यावर मुद्दाम नाचत होती, बहुतेक आजींचा जिना गप्प आहे हे ऐकून. मग धापा टाकत, “आजी, कुआन्तो फाल्ता पारा दिवाळी?”

आजींनी ‘फाल्ता’ पकडला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हा तर आपला उणिवेचा शब्द. काय कमी पडलंय तिला?” मी सांगितलं, आजी, इथे त्याचा अर्थ ‘किती उरलंय’. दिवाळीला ते सगळे येणार आहेत ना, ती विचारतेय अजून किती दिवस राहिले.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि बोटाने एकेक चौकोन मोजला. मध्ये एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ११२. आता ‘फाल्तान सिएन्तो दोसे दिआस’ याचा सराव चालू आहे, पण पाठवायला रात्रीचे नऊ वाजायची वाट बघायला त्या तयार नाहीत.